कापरेकर मास्तर आणि माझे अडुसष्ट अपवाद

कागद-पेन घ्या. मोबाइलचा कॅल्क्युलेटर नको, वजाबाकी सगळ्यांना येते.

भोर घाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. तोच आकडा घेऊ. अंक उतरत्या क्रमाने लावले की ८६३१, चढत्या क्रमाने १३६८. मोठ्यातून धाकटा वजा करा: ७२६३. आता याचंही तेच. ७६३२ वजा २३६७, आले ५२६५. मग ६५५२ वजा २५५६, ३९९६. ९९६३ वजा ३६९९, ६२६४. ६६४२ वजा २४६६, ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७, म्हणजे ६१७४.

पुढे करून बघा. ७६४१ वजा १४६७... पुन्हा ६१७४. गाडी डेपोत लागली, आता हलणार नाही.

चारही अंक सारखे नसलेला कुठलाही चार अंकी आकडा घेतलात तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही इथेच येऊन पोचता. याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. हे बऱ्याच जणांना माहीत असतं, व्हॉट्सअ‍ॅपवर दर सहा महिन्यांनी "भारतीय गणिताचा चमत्कार" म्हणून फिरत असतं. मला त्याची जी गोष्ट सांगायची आहे ती जरा वेगळी आहे. कारण एका रात्रीपुरतं का होईना, मी कापरेकरांना चूक ठरवलं होतं. पुराव्यासकट.

तर झालं असं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्ट होता. कॉलेज लोणावळ्याजवळ, घर वडगाव मावळला. वर्गातले निम्मे लोक लायब्ररी मॅनेजमेंट करत होते, उरलेले निम्मे स्टुडंट रेकॉर्ड (म्हणजे तेच, फक्त पुस्तकाच्या जागी विद्यार्थी). मी कापरेकर घेतला. गणिताचं प्रेम वगैरे काही नाही, कोड चाळीस ओळींत बसतो हे एकमेव कारण. १००० ते ९९९९ सगळे आकडे घ्यायचे, प्रत्येकाचे अंक सुटे करायचे, सॉर्ट करायचे, वजाबाकी, ६१७४ आला की थांबायचं आणि किती पायऱ्या लागल्या ते छापायचं. लॅबमध्ये अजून टर्बो सी होतं, ती निळी स्क्रीन. तेव्हा हसायचो त्याला, आता त्या निळ्या रंगाची आठवण येते.

प्रोग्राम चालला. ९००० पैकी ८९२३ आकडे ६१७४ ला पोचले. ७७ पोचले नाहीत.

त्यातले नऊ अपेक्षित होते, ११११, २२२२ वगैरे. त्यांची वजाबाकी पहिल्याच फटक्यात शून्य. पण उरलेले ६८? १०००, १०११, १११२, १२२२, ७७७८... सगळे शून्यावर जाऊन आपटत होते. मी तीनदा रन केला. मित्राला दाखवला. मित्र म्हणाला, "अरे, पेपर पब्लिश कर." त्या रात्री मला झोप आली नाही. पुस्तकांत म्हणतात अपवाद नऊच, आणि माझ्याकडे ७७ आहेत! वडगावच्या पोराने १९४६ सालापासूनची चूक पकडली!

ते ६८ आकडे तिथेच ठेवतो. आधी ज्या माणसाला मी चूक ठरवत होतो त्याच्याबद्दल, कारण तेव्हा मला नावापलीकडे काही माहीत नव्हतं. बहुतेकांना नसतं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आई आठव्या वर्षी गेली. वडील कारकून होते, पण त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड सतत चालू. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना गणिताचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. (हे परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजला सिनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, आणि पुढे बरीच वर्षं फर्ग्युसनचे प्राचार्य.) १९२९ ला पदवी, आणि त्यानंतर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तरकी, थेट १९६२ साली निवृत्त होईपर्यंत. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. गणितात जे केलं ते शाळा सुटल्यावर.

आता इथे माझी एक खास मावळी कल्पना आहे, ती इतिहास म्हणून घेऊ नका. ठाण्याचा मुलगा पुण्यात शिकायला. सुट्टीत घरी जायचं-यायचं म्हणजे जीआयपी रेल्वे आणि भोर घाट. आणि तेव्हाचा भोर घाट आजच्यासारखा नव्हता. आज आपण लोणावळ्याहून कर्जतला उतरतो ते सलग. पण १८६३ च्या मूळ आखणीत खंडाळ्याजवळ एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला जागाच नाही, म्हणून गाडी सरळ एका टोकाला आणून उभी करायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. पहिला डबा शेवटचा, शेवटचा पहिला. हे स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होतं, म्हणजे कापरेकर फर्ग्युसनला होते ती सगळी वर्षं. मग विजेची इंजिनं आली, नवीन आखणी झाली, १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली आणि गाडी उलटी करायची भानगड संपली.

आता बघा, कापरेकरांचा ६१७४ असलेला लेख १९५३ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या न्यूयॉर्कच्या नियतकालिकात आला. विषय, मराठीत सांगायचं तर, अंक उलटे करण्याची कोडी. खंडाळ्याला उभ्या गाडीत, खिडकीतून इंजिन दुसऱ्या टोकाला जाताना बघत बसलेल्या मुलाच्या डोक्यात हे आलं असेल असं म्हणायला माझ्याकडे शून्य पुरावा आहे. पण म्हणावंसं वाटतं.

अगदीच हवेत नाही हं. रेल्वे आणि कापरेकर हे नातं एका ठिकाणी पक्कं आहे. त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं. हे डेम्लो म्हणजे कुणी इटालियन गणिती नव्हे, ते आपलं डोंबिवली! जीआयपीच्या त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून ते नाव. १६५ घ्या, २५५३ घ्या, ४७७७३ घ्या: दोन टोकांचे अंक मिळवले की मधला अंक येतो. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१, हीसुद्धा त्याच कुटुंबातली मंडळी. मुंबईच्या लोकलने डोंबिवलीकरांना काय काय दिलं ते डोंबिवलीकर सांगतीलच, पण गणिताच्या शब्दकोशात गेलेलं उपनगर बहुधा हे एकच.

(जाता जाता: डेटा स्ट्रक्चर शिकवताना स्टॅक समजावायला सगळे सर लग्नातल्या ताटांची चवड सांगतात. मावळात तरी खंडाळ्याचं रिव्हर्सिंग सांगायला हवं. डाइक्स्ट्राने १९६१ साली गणिती पदावली वाचायची जी पद्धत काढली तिला 'शंटिंग यार्ड' हेच नाव आहे, आणि क्नुथच्या पुस्तकात स्टॅक समजावलाय तो रेल्वेच्या सायडिंगवर. तीन डबे १, २, ३ या क्रमाने येताहेत, सायडिंग एकच. बाहेर सहापैकी पाच क्रमांनी काढता येतात, ३-१-२ हा मात्र कधीच नाही. का, ते बघा लोकलमध्ये. चार डब्यांना २४ पैकी १४ जमतात.)

असो. तर १९४६. त्या वर्षी फेब्रुवारीत फिलाडेल्फियात एनियॅक जगापुढे आला. एक मोठी खोली भरून मशीन, सेकंदाला ५००० बेरजा. आणि त्याच वर्षी देवळालीत एका शाळामास्तरांना ६१७४ सापडला, वही आणि पेन्सिल वापरून. भारतात पूर्णपणे इथेच बनवलेला टिफरॅक मुंबईला सुरू व्हायला अजून १४ वर्षं होती. कापरेकरांनी हा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

आमच्या पिढीची पहिली प्रतिक्रिया काय? "बिचारे, कॉम्प्युटर असता तर किती केलं असतं." माझीही तीच होती. आता मला ती जरा चुकीची वाटते. का ते त्यांच्या दुसऱ्या एका कामावरून सांगतो, कारण प्रोग्रामिंगच्या लोकांना खरं तर ते जास्त जवळचं आहे.

एक संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ घेतला तर ४ आणि ७ अकरा, ४७ अधिक ११ म्हणजे ५८. ५८ वरून ७१, ७१ वरून ७९. अशी साखळी. ४७ हा ५८ चा जनक. पण काही संख्यांना जनकच नसतो. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३... कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० कधीच येत नाही. अशांना कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हणावं तशा अर्थाचं 'सेल्फ नंबर' हे नाव दिलं. त्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात.

ज्यांनी कॉलेजात कोडिंग स्पर्धांची तयारी केली आहे त्यांना हे ओळखीचं वाटलं असेल. एसीएमच्या अमेरिकेतल्या एका विभागीय फेरीत हे कोडं आलं होतं आणि तिथून ते स्पेनमधल्या व्हायाडोलिड विद्यापीठाच्या प्रश्नसंग्रहात ६४० नंबरला जाऊन बसलं: दहा लाखांपर्यंतचे सगळे सेल्फ नंबर छापा. प्रश्नात कापरेकरांचं नाव आहे. चीन, ब्राझील, पोलंड, कुठलाही नवशिका प्रोग्रामर सुरुवातीच्या दिवसांत देवळालीच्या मास्तरांना भेटून पुढे जातो. उत्तर सोपं आहे. दहा लाखांची एक यादी करायची, १ पासून प्रत्येक संख्येचं अपत्य काढून त्याच्यावर फुली मारायची, फुली नसलेले छापायचे. पाच मिनिटांचं काम, आम्ही सगळ्यांनी असंच केलंय.

पण समजा तुम्हाला एकच संख्या तपासायची आहे. समजा १२ अंकी आहे. फुल्या मारत बसलात तर मेमरी संपेल. कापरेकरांची पद्धत अशी. संख्येच्या अंकांची बेरीज करत करत एक अंक उरेपर्यंत जा. तो सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर ९ मिळवून निम्मा करा. जे आलं ते मूळ संख्येतून वजा करा आणि बघा हाच जनक आहे का. नसेल तर आणखी ९ वजा करा, पुन्हा बघा. असं संख्येत जेवढे अंक आहेत तेवढ्याच वेळा करायचं, साधारण. तोवर जनक सापडला नाही तर संख्या स्वयंभू. २०२५ घ्या. अंकांची बेरीज ९, विषम, ९ मिळवून १८, निम्मे ९. २०२५ वजा ९ म्हणजे २०१६. त्याच्या अंकांची बेरीज ९. जमलं, २०१६ हाच जनक! एका तपासणीत. आता २०: अंक २, निम्मा १. १९ बघा, १९ अधिक १० एकोणतीस, नाही. आणखी नऊ वजा, १०. १० अधिक १ अकरा, नाही. आणखी नऊ, १. १ अधिक १ दोन, नाही. संपलं, २० स्वयंभू.

यामागे जादू नाही. कुठल्याही संख्येला ९ ने भागून उरते तीच बाकी तिच्या अंकांच्या बेरजेची. म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज किती असू शकते हे आधीच बांधलं जातं, नऊ-नऊच्या अंतरावरचे मोजके आकडेच उरतात. बारा अंकी संख्येला बारा-तेरा तपासण्या. आपण लॅपटॉपवर कोट्यवधी फुल्या मारल्या असत्या तिथे. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होतो आणि मला खरंच लाज वाटली. कापरेकरांकडे हार्डवेअर म्हणजे एक हात आणि एक वही. वहीवर प्रत्येक पायरीला पेन्सिल झिजते. त्यांना चांगला अल्गोरिदम लागणारच होता. आम्हाला लागत नाही, म्हणून आम्ही शोधत नाही. परफॉर्मन्स वाईट आला की आम्ही क्लाउडवर मोठं मशीन घेतो, बिल क्लायंटला.

या माणसाला आपल्याकडे किती किंमत मिळाली? फार नाही. त्यांचं काम म्हणजे आकड्यांची करमणूक, 'खरं' गणित नव्हे, असं मानणारे पुष्कळ होते. हलक्या नियतकालिकांत लेख द्यायचे, नाहीतर स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापायच्या, आणि गणित परिषदांना स्वतःच्या पैशाने जायचं. १९६२ ला निवृत्त झाले तर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या सुरू केल्या. १९६६ साली पत्नी गेली. आणि मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकर आणि सेल्फ नंबर यांच्यावर लिहिलं. गार्डनरचं सदर म्हणजे कोड्यांच्या दुनियेतलं सर्वोच्च न्यायालय. त्यानंतर जगभरात नाव झालं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीतच गेले.

करमणूक आहे, हे मी नाकारत नाही. ६१७४ वर पूल उभा राहात नाही, बँकेचं सॉफ्टवेअर चालत नाही. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७, अशांना कापरेकर संख्या म्हणतात, त्यांचाही काही उपयोग मला सांगता येणार नाही. (७७७७ चा वर्ग ६०४८१७२९. मधोमध कापा: ६०४८ अधिक १७२९ बरोबर ७७७७. आणि १७२९ म्हणजे रामानुजनची टॅक्सी! याला उपयोग विचारणाऱ्याशी मी बोलत नाही.)

आता माझे अडुसष्ट अपवाद.

सबमिशनच्या आदल्या रविवारी मी प्रिंटआउट घेऊन घरी बसलो होतो. आमचे आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. त्यांना म्हटलं, "आजोबा, हे बघा, कापरेकरांचं चुकलंय." त्यांनी चष्मा लावला, यादी बघितली, आणि कालनिर्णयच्या मागच्या महिन्याचं पान फाडून पाठीमागे पेन्सिलने मांडायला लागले. १११२ घेतला. २१११, खाली १११२, रेघ, वजाबाकी. एकं दहं शतक हजार. उत्तर लिहिलं: ०९९९.

मी म्हटलं, "आजोबा, नऊशे नव्व्याण्णव. शून्य कशाला?"

"अरे, चार घरं मांडलीत ना? मग हजाराच्या घरात काय लिहू, तुझं नाव?"

आणि पुढे चालू. ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ८०८२. मग ८५३२. मग ६१७४. पाच पायऱ्या. पेन्सिल खाली ठेवली आणि यादी माझ्याकडे सरकवली.

माझ्या प्रोग्राममध्ये ९९९ हा इंटिजर होता. इंटिजरला पुढचं शून्य नसतं. अंक सुटे करताना तीनच निघाले, ९९९ उलटा केला तरी ९९९, वजाबाकी शून्य, खेळ खलास. अडुसष्टच्या अडुसष्ट आकडे याच एका दगडाला ठेचकाळत होते. कागदावर मांडणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक सहसा होणार नाही, कारण तिथे घरं डोळ्यासमोर असतात. मी 'संख्या' म्हणत होतो, कापरेकर चार अंकांच्या रांगेबद्दल बोलत होते. दुरुस्ती दोन ओळींची होती.

प्रोजेक्ट जमा झाला, अपवाद नऊ. तोंडी परीक्षेला बाहेरून एक सर आले होते, वयस्कर, शांत. त्यांनी आउटपुट बघितलं, कोड बघितलाच नाही, आणि विचारलं, "नऊ हजार आकडे तपासलेस. त्यातले वेगळे किती होते?"

मी म्हटलं, "सर, सगळेच वेगळे आहेत."

"बरं," म्हणाले, आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मार्क चांगले दिले, पण तो "बरं" मला पुढे तीन-चार वर्षं पुरला.

उत्तर मिळालं ते नोकरीला लागल्यावर, पुण्याहून येताना, देहूरोड ते तळेगावच्या दरम्यान. सोपं आहे. चार अंक मोठ्यापासून लहानापर्यंत लावले. पहिल्या आणि चौथ्यातला फरक एक, दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक दुसरा. मोठा आकडा वजा धाकटा आकडा म्हणजे ९९९ गुणिले पहिला फरक, अधिक ९० गुणिले दुसरा फरक. बस. बाकी अंक काय आहेत याच्याशी वजाबाकीला देणंघेणं नाही. ६१७४ चंच बघा: ७ आणि १ चा फरक ६, ६ आणि ४ चा फरक २. ९९९ गुणिले ६, ५९९४, ९० गुणिले २, १८०, मिळून ६१७४.

पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. जोड्या मोजा: २ अधिक ३ अधिक ४ असं करत १० पर्यंत, ५४. म्हणजे नऊ हजार आकडे पहिल्याच वजाबाकीत ५४ मध्ये कोसळतात! त्या ५४ मध्येही तेच अंक उलटसुलट आलेले धरले नाहीत तर उरतात ३०. तीस आकडे. वहीची दोन पानं. माझं मशीन नऊ हजार वेळा लूप फिरवून तीसच गोष्टी पुन्हा पुन्हा तपासत होतं, आणि परीक्षक सरांनी मला तेच विचारलं होतं.

तळेगाव येईपर्यंत मी तिकिटाच्या पाठीवर ५४ मोजले होते. वडगावला उतरायचं राहिलं, कान्हेला उतरून परत आलो.

एक फजिती अजून सांगायची राहिली. प्रोजेक्टच्या दिवसांत मी हुशारी म्हणून गाड्यांचे नंबर प्रोग्रामला घालून बघत होतो. डेक्कन क्वीन पूर्वी २१२३ आणि २१२४ होती. २१२४ सहा पायऱ्यांत ६१७४ ला पोचते. पण डिसेंबर २०१० मध्ये रेल्वेने सगळे नंबर पाच अंकी केले, डेक्कन क्वीन १२१२३ आणि १२१२४ झाली. मी इंटिजरचा लाँग केला, पाच अंकांची सोय केली, १२१२४ घातला आणि लॅबमधलं मशीन लटकलं. कर्सर लुकलुकतोय, बाकी काही नाही. सरांनी मेन स्विच बंद करून चालू केला आणि माझ्याकडे बघितलं. कारण नंतर कळलं. पाच अंकांना कापरेकर स्थिरांकच नाही. १२१२४ सहाव्या पायरीला ६१९७४ वर येते आणि मग ८२९६२, ७५९३३, ६३९५४, पुन्हा ६१९७४, गोल गोल. घाटात अडकलेल्या मालगाडीसारखी. माझा लूप ६१७४ ची वाट बघत बसला होता, जो कधी येणारच नव्हता. तीन अंकांना स्थिरांक आहे, ४९५. चारला ६१७४. पाचला नाही. मास्तरांना नेमकं चारचं घर सापडलं.

परवा हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा माळ्यावरच्या फायलीतून ते कालनिर्णयचं पान काढलं. पाठीमागे १११२ ची पूर्ण मांडणी आहे, आणि खाली कोपऱ्यात आजोबांनी त्याच दिवशी केलेल्या आणखी दोन. मी तेव्हा बघितल्याच नव्हत्या. एक १९३९, त्यांचं जन्मसाल: ८५३२, ६१७४, दोन पायऱ्या. दुसरी १९९७, माझं: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सहा पायऱ्या, आणि सहावीच्या पुढे पेन्सिलने, त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात: "उशीर, पण पोचला."

कापरेकरांचं १९०५ तुम्ही करून बघा. सात लागतात.